माहुली ते म्हसा, पाठीवर सॅक

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेच्या कसारा लोकलला टिटवाळ्यानंतरही उभं राहायला नीट जागा मिळत नाही. आसनगाव, आटगाव, खर्डी अशा एरवी सुस्त पडलेल्या स्टेशनांवर रंगीबेरंगी सॅकवाल्यांचे घोळके उतरतात, वडापावच्या गाड्यांना गराडा पडतो, जीपवाल्यांची चंगळ होते. कोणी माहुलीला निघालेलं असतं, कोणी विहीगावच्या धबधब्याला. तिकडे मुरबाडच्या रस्त्यावर माळशेजला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी हीच गर्दी चिखलाने माखून परत फिरते. एक किल्ला किंवा एक धबधबा, चहा, फोटो, शेवटची लोकल. शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबई-ठाण्याच्या माणसाने असे तुकड्यातुकड्यांनी पाहिलेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रात्री पाड्यावर मुक्काम करत ते चालून पाहणारे फार थोडे.

आणि हीच माणसं पैसे साठवून दूरदेशी जातात, तेव्हा मात्र चालतात. उदाहरणार्थ, दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागात ली नावाची नदी आहे. ग्वेलिन शहरापासून यांगश्वो गावापर्यंत नदीमार्गाने हे अंतर ८३ किलोमीटर. दोन्ही काठांवर जमिनीतून सरळ वर आल्यासारखे हिरवे, टोकदार डोंगर. चीनच्या वीस युआनच्या नोटेवर मागच्या बाजूला छापलेलं दृश्य याच नदीचं, शिंगफिंग गावाजवळचं. १९८०च्या दशकात चीनची दारं उघडू लागली तशी पाठीवर पिशवी टाकून फिरणारी परदेशी मंडळी यांगश्वोत येऊन राहू लागली. आज त्या गावाची सगळी घडी या पाहुण्यांवर बसली आहे. सायकली भाड्याने, तराफे भाड्याने, खोल्या भाड्याने. पण या डोंगरांतून चालण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. श्वी शियाख नावाचा मिंग काळातला एक चिनी भटक्या १६३७ साली ग्वांगशीत पायी फिरला, तिथल्या शेकडो गुहांत शिरला आणि रोजच्या रोज लिहीत गेला. त्याच्या प्रवासवर्णनाची पहिली नोंद १९ मे १६१३ची आहे, म्हणून चीनमध्ये १९ मे हा पर्यटन दिन मानतात.

तिथला डोंगर चुनखडीचा. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कर्बवायू मिसळतो, ते सौम्य आम्ल खडक विरघळवत राहतं आणि लाखो वर्षांनी जे उरतं ते असे सुटे सुळके आणि पोटातल्या गुहा. सह्याद्रीची कुळकथा वेगळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर इथे पसरले, थंड झाले. मग पावसाने आणि नद्यांनी त्यांची पश्चिमेकडची बाजू कोरत नेली. म्हणून मुरबाडहून पूर्वेकडे पाहिलं की डोंगर सुटे दिसत नाहीत, तटबंदी दिसते. कड्यावर आडव्या रेघा, रेघांवर गवताचे पट्टे. मधूनच एखादी उभी पातळ भिंत निघालेली. मोरोशीचा भैरवगड ही तशी भिंत. जुन्या थरांना पडलेल्या भेगेत नंतरचा लाव्हा घुसून घट्ट झाला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ती भिंत तेवढी उभी राहिली. कल्याण-नगर रस्त्यावरून एस.टी.च्या खिडकीतून ती स्पष्ट दिसते. डुलकी लागली नसेल तर.

चालायला सुरुवात करायची ती आसनगावहून, कारण रेल्वे तिथपर्यंत नेऊन सोडते. ही सोयही जुनी आहे. ठाण्याला १८५३ साली पोचलेली आगगाडी वाशिंदला १८५५ मध्ये आली, आसनगावला १८६० मध्ये आणि कसाऱ्याला १८६१ मध्ये. कसाऱ्यापुढचा थळ घाट फोडून इगतपुरी गाठायला आणखी चार वर्षं लागली. आसनगावपासून माहुली गाव पायी तासा-दीड तासाचं. गडाची उंची २,८१५ फूट, ठाणे जिल्ह्यातल्या मोठ्या किल्ल्यांत त्याची गणना होते. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे खरं तर तीन गड एकाला एक लागून आहेत. भंडारगडाच्या टोकाला वजीर, नवरा, नवरी, भटोबा अशी सुळक्यांची वरात उभी आहे. नावं ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी शाबूत होती.

गडाचा इतिहास मात्र हसण्यासारखा नाही. १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा श्वास इथेच थांबला. एका बालराजाला गादीवर बसवून शहाजीराजे मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांशी झुंजत होते. माहुलीला वेढा पडला आणि अखेर त्यांना तह करावा लागला. पुढे शिवाजी महाराजांनी गड घेतला, १६६५च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये, पहिल्या हल्ल्यात मोठं नुकसान सोसून, मग मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत जिंकला. रविवारच्या गर्दीतल्या बहुतेकांना गडाच्या वाटेवरची लोखंडी शिडी आठवते, वेढा आठवत नाही. पाठीवर सॅक घेऊन पायथ्याला राहिलेल्या माणसाला दोन्हींसाठी वेळ असतो.

शहापूर हा पाण्याचा तालुका. १८९२चं तानसा धरण याच भागातलं आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा उचलणारं भातसाही इथलंच. त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात, विहिरीच्या तळाशी उतरून बाया वाटीवाटीने हंडा भरतात. फिरायला येणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवून उन्हाळ्यात पाड्यावर पाणी मागावं. शक्यतो मागूच नये, आपलं घेऊन यावं.

डोळखांबमार्गे डेहण्याला एस.टी. जाते. इथे रस्ता अक्षरशः डोंगराला जाऊन टेकतो. समोर आजोबाचा डोंगर, ४,५११ फुटांचा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत मावत नाही. मध्यावरच्या रानात वाल्मीकींचा आश्रम आहे. सीतेने लव-कुशांना इथेच वाढवलं असं परिसरात मानतात, आणि वरच्या कड्यातल्या कपारीला सीतेचा पाळणा म्हणतात. घाटमाथ्यावरच्या साम्रद गावातून सुरू होणारी सांदण दरीही उतरत उतरत याच बाजूला येते. दोन बाजूंना शंभर-दोनशे फुटांचे कातळ आणि मधून एका माणसापुरती वाट, असा तिचा थाट. तळाशी थंडीतही कमरेएवढं पाणी असतं. दोर आणि जाणता माणूस बरोबर असेल तर सांदणीतून उतरावं, नाहीतर शेजारच्या करोली घाटाने. करोली घाट उपेक्षित राहिला, वास्तविक चालणाऱ्याला तो जास्त आवडावा.

डेहण्याशेजारच्या चोंढ्याला डोंगराच्या पोटात एक वेगळाच कारभार चालतो. वर घाटघरला एक जलाशय, खाली चोंढ्याला दुसरा. विजेची गरज कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करायची. २५० मेगावॉटचा हा घाटघर प्रकल्प २००८च्या सुमारास चालू झाला, त्याचं वीजघर जमिनीखाली आहे. चोंढ्या घाटाची पायवाट मात्र उन्हातून, कारवीतून, जुन्याच वळणांनी वर चढते.

इथून पुढचा टप्पा हौशी लोकांनी विचारपूर्वक घ्यावा. घाटघरहून माथ्यावरनं कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचा आणि साधले घाटाने बेलपाड्याला, म्हणजे मुरबाड तालुक्यात उतरायचं. उतरताना कोकणकडा समोर येतो. आत वळलेला, वाटीसारखा खोल, त्याच्या पोटात पावसाळी ढग कोंडतात. काठावर उभं राहणाऱ्याला कधीमधी त्या ढगांत आपल्याच सावलीभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ते पाहिल्याचं नमूद आहे. ते दिसेलच या आशेवर सुट्टी टाकू नये.

या मुलुखातला सगळ्यात पक्का भटक्या माणूस नव्हताच. २००९च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला काढलं, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात त्याला सोडलं. त्याचं नाव पडलं आजोबा. आजोबाने मुक्काम केलाच नाही. रात्री चालत, दिवसा दडत तो कसाऱ्याजवळ आला, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडले आणि तुंगारेश्वरमार्गे वसईची खाडी पोहून थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. सुमारे १२० किलोमीटर, महिन्याभरात. वाटेत गावं, शेतं, कारखाने लागले, त्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. २०१४चा ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट त्याच्यावरूनच निघाला. आता त्याच शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. नवा आजोबा निघाला तर त्याला एक रस्ता जास्त ओलांडावा लागेल.

मुरबाडच्या बाजूला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा दर निवडणुकीला ताजी होते, तोवर कल्याणहून आळेफाटा, जुन्नर, नगरकडे जाणारी एस.टी. हाच आधार. टोकावडे, वैशाखरे मागे टाकलं की रस्त्याच्या उजवीकडे नाणेघाटाची पाटी लागते. कंडक्टरला आधी सांगून ठेवलेलं बरं, फाट्यावर गाडी आपणहून थांबत नाही.

नाणेघाट चढायला अडीच-तीन तास लागतात. सुरुवातीला ओढा, मग साग-ऐनाचं रान, मग दगडी पायऱ्या. पावलांनी आणि खुरांनी झिजून मध्ये खोलगट झालेले हे दगड दोन हजार वर्षांच्या रहदारीचे आहेत. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नर आणि पुढे पैठणला जायचा. नाळेच्या तोंडाशी डाव्या हाताला एक मोठं चौकोनी लेणं आहे. आत तिन्ही बाजूंना बसायचे कट्टे, डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. सातवाहन राणी नागणिकेचा हा लेख. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापण दिले याचा तो चोख हिशेब आहे; भारतीय अंकांच्या इतिहासात त्यातले आकडे फार जुने आणि मोलाचे मानले जातात. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. वर सिमुक, सातकर्णी, नागणिका अशी नावं कोरलेली, खाली फक्त पावलांचे अवशेष. शरीरं कधीच झडून गेली. वर पठारावर पोचलं की एक भलामोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. आजचा प्रवासी त्यात रिकामी पाण्याची बाटली टाकतो, आणि ते पाहून संताप होतो.

अशा घाटवाटा या डोंगररांगेत डझनांनी आहेत. माळशेजची गाडीवाट झाली म्हणून तो सगळ्यांना ठाऊक. बाकीच्या अहुपे, साधले, चोंढ्या, करोली या वाटा टिकल्या त्या ट्रेकर मंडळींमुळे कमी आणि बाजाराला, सोयरिकीला, दवाखान्याला जाणाऱ्या घाटावरच्या लोकांमुळे जास्त. वर डांबरी रस्ता आला, गावात जीप आली की वाट मोडायला चार-दोन पावसाळे पुरतात. कारवी माजते, दरड कोसळते आणि वळण हरवतं. नकाशातली तुटक रेघ पाहून निघालेला गट अशाच ठिकाणी चुकतो. म्हणून पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्यावा. त्यात कंजूषपणा करणाऱ्यांनी नंतर बचाव पथकाला रात्री डोंगरात धावायला लावू नये.

मुक्कामाचं काय, हा प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्याला पडतो. यांगश्वोसारख्या लॉजच्या रांगा इथे नाहीत, हे बरंच आहे. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि कुणबी-आगरी यांच्या वस्त्या इथे विखुरलेल्या. शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा कोणाच्या तरी घराची ओसरी मिळते. आदल्या दिवशी निरोप दिला तर तांदळाची भाकरी, पिठलं, सुकट, ठेचा असं जेवण तयार होतं, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. मुरबाडमधलं धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. असं असूनही आतल्या पाड्यांवर रेंजच नसते, तेव्हा खिशात सुट्या नोटा ठेवाव्यात.

जूनच्या पहिल्या सरींनंतर आलात तर जेवणाची चव पालटलेली असते. रानात जमिनीतून शेवळं वर येतात, जांभळट-तपकिरी दांड्यासारखी. ती नुसती शिजवली तर घसा खवखवतो, त्यामुळे सोबत काकड हे आंबट रानफळ घालावं लागतं. शेवळं निवडणं हे एकट्याचं काम नव्हे. वरचं आवरण सोलून टाकायचं, आतला पिवळा भाग काढायचा, उरलेलं बारीक चिरायचं. ओसरीवर दोन-तीन बाया बसतात, सुरी चालत राहते आणि बोलणंही. मग सुकट किंवा कोलंबी घातलेली ती भाजी. याच दिवसांत ओढ्यांना पहिलं पाणी येतं आणि मासे प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढतात. वलगणीच्या त्या माशांसाठी अख्खा पाडा रात्री बत्ती घेऊन बाहेर असतो. पुढे कुर्डू, टाकळा, लोत, कंटोळी अशी रांग लागते. कल्याण-ठाणे स्टेशनबाहेर पानांच्या वाट्यांवर या भाज्या विकणाऱ्या बायका पहाटे याच गावांतून निघालेल्या असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सबुरी हवी. थितबीजवळचा काळूचा धबधबा पाच टप्प्यांत कोसळतो, बघणाऱ्याचं भान हरपतं आणि नेमकं तिथेच घात होतो. वर घाटमाथ्यावर पाऊस वाढला की खाली कोरड्या वाटणाऱ्या ओढ्याचं पाणी काही मिनिटांत फुगतं. बुडण्याच्या घटना वाढल्यामुळे गेली काही वर्षं ठाणे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे आणि धरणक्षेत्रांवर जमावबंदीचे आदेश काढतं. त्यात माळशेज, सिद्धगड, माहुलीचा पायथा अशी नावं येतात. आदेशाला सरसकट नावं ठेवण्याची पद्धत आहे. पण रविवारी दारूच्या बाटल्या घेऊन डोहात उतरणाऱ्यांमुळे तो निघतो हेही खरं, आणि मग त्याचा फटका शांतपणे चालणाऱ्यालाही बसतो आणि भजी-चहा विकणाऱ्या पाड्यावरच्या बाईलाही. चालण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. ओढ्यांना पाणी असतं, पायाखालचं शेवाळ सुकलेलं असतं आणि हवा इतकी स्वच्छ की गोरखगडावरून संध्याकाळी पूर्ण रांग मोजता येते.

गोरखगड आणि शेजारचा मच्छिंद्रगड हे जोडसुळके देहरी गावच्या डोक्यावर आहेत. गोरखगडाच्या कड्यात खोदलेली प्रशस्त गुहा आणि थंडगार पाण्याची टाकी आहेत, त्यामुळे मुक्कामाची सोय आपोआप होते. शेवटच्या चढावरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या मात्र उभ्या आहेत. घाबरणाऱ्याने गुहेपर्यंतच जावं, त्यात कमीपणा काही नाही.

त्याच ओळीत पुढे सिद्धगड. भीमाशंकर अभयारण्याचं रान इथवर उतरलं आहे, शेकरू दिसण्याची शक्यता असते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी १९४२च्या आंदोलनात आझाद दस्ता उभा केला. मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडणं हे त्यांचं मुख्य काम. पोलिस मागावर लागल्यावर दस्ता सिद्धगडच्या रानात आला. २ जानेवारी १९४३च्या पहाटे गोळीबार झाला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला थंडीत लोक इथे अभिवादनाला जमतात. फिरणाऱ्याने मुहूर्त शोधायचाच असेल तर हा शोधावा.

कारण त्याच सुमारास, पौष पौर्णिमेला, म्हशाची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या देवळाभोवतीचा माळ बैलांनी, घोंगड्यांच्या ढिगांनी आणि कोयते-विळ्यांच्या पालांनी भरून जातो. दात मोजून, पाठीवर थाप मारून, चार पावलं चालवून बैलांचे सौदे होतात. घाटावरची माणसं अहुपे घाटाने खोपिवलीला उतरून म्हशाच्या बाजाराला येत आली आहेत. यात्रा आटोपल्यावर त्यांच्यामागोमाग तो घाट चढता येतो. सकाळी लवकर निघालं तर उन्हाआधी अहुप्याला पोचता येतं, आणि तिथून मंचर-घोडेगावकडे एस.टी. मिळते, गाड्या मोजक्याच, वेळ गावात विचारून घ्यावी.